गच्चीवरून विजांचे फोटो : किती अंतर पुरेसं?

गच्चीवरचा टेहळ्या

नमस्कार मंडळी,

मला विजांचे फोटो काढायचा नाद आहे. आभाळ भरून आलं की हातातलं काम सुटतं. आमची इमारत सात मजली, आसपास तेवढी उंच दुसरी नाही, त्यामुळे गच्चीवरून आभाळ चहूबाजूंनी मोकळं दिसतं. आजवरचा माझा नियम सोपा आहे. लखलखाट झाला की मोजायला लागायचं, आवाज येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागायचं, आलेला आकडा म्हणजे किलोमीटर. चारच्या आत आली की तिपाई आवरायची. पावसाचे थेंब पडले तरी आवरायची, कारण कॅमेरा महाग आहे. (माझ्या डोक्यात आधी कॅमेरा आणि मग मी असा क्रम आहे, हे बायकोचं मत. मी वाद घातलेला नाही.)

मागच्या वादळात मात्र वेगळंच झालं. पाऊस अजिबात नव्हता. शेवटची वीज मोजली तेव्हा बारा-तेरा सेकंद आले होते, म्हणजे चारच्या बाहेर. मी कठड्याच्या लोखंडी पाइपाला टेकून उभा होतो. पाइपातून बारीक 'सूंऽऽ' यायला लागलं, आत माशी अडकावी तसं. मनगटावरचे केस ताठ उभे. मी तिपाई तिथेच टाकून जिन्याकडे धावलो. दार ओढून घेतो न घेतो तोच बाहेर सगळं पांढरं झालं आणि त्याच क्षणी आवाज. मोजायला काही उरलंच नाही. नंतर पाहिलं तर तिपाई जागच्या जागी, कॅमेरा ठणठणीत, पण ती फ्रेम कोऱ्या कागदासारखी.

विचारायचं आहे ते असं. तो आवाज कसला होता? चार किलोमीटर कमी पडत असतील तर किती धरायचे? आणि टाकीवर तडितरक्षक बसवलेला आहे, त्याच्या खाली गच्ची सुरक्षित नाही का?

'हा नाद सोडा' एवढं एक वगळून काहीही सांगा.

एकदम बिनधास्त

अहो, एवढं काय घाबरायचं! जाड रबरी तळव्याचे बूट घाला, मोबाइल खिशातून काढून घरात ठेवा, झालं. वीज अंगावर पडणं म्हणजे लॉटरी लागण्याइतकं दुर्मीळ. आणि एकदा तिथे पडून गेली म्हणजे आता ती जागा सेफ. फोटो टाका की इथे!

अर्थिंगवाला

बिनधास्तभाऊ, तुमच्या बुटांकडे येतो. आधी त्या पाइपाचं.

उंच इमारतींवर तडितरक्षक बसवणं आणि दुसऱ्यांनी बसवलेले तपासणं हा माझा धंदा. त्यामुळे विजेशी माझा संबंध ती येऊन गेल्यानंतरचा : वितळून गोळा झालेलं टोक, काळा पडलेला क्लॅम्प, भिंतीचा उडालेला गिलावा. तो पाइप का गुणगुणतो हे मात्र पक्कं माहीत आहे. ढगाच्या पोटात ऋण भार साठला की खालच्या जमिनीत धन भार वर ओढला जातो, आणि जे उंच, टोकदार, धातूचं असेल तिथे त्याची गर्दी होते. विद्युतक्षेत्र एवढं ताणलं जातं की त्या टोकाभोवतीची हवाच थोडी थोडी वीज वाहू लागते. तुम्ही ऐकलात तो या गळतीचा आवाज. अंधार असता तर निळसर झाकही दिसली असती; शिडाच्या जहाजांवरच्या खलाशांना डोलकाठीच्या टोकावर ती दिसायची.

यापुढची पायरी नीट समजून घ्या. वीज ढगातून एका झेपेत खाली येत नाही. आधी एक अंधुक वाट उतरते, साधारण पन्नास-पन्नास मीटरचे टप्पे घेत, फाटे फोडत, चाचपडत. ती जमिनीजवळ आली की खालच्या प्रत्येक उंच वस्तूवरून एकेक ठिणगी तिला गाठायला वर निघते. टाकीवरून, झाडावरून, कठड्यावरून, उभ्या माणसाच्या डोक्यावरूनसुद्धा. जिची गाठ पडते तिच्यातून मुख्य प्रवाह धावतो. डोळ्यांना दिसतो तो झगझगाट याच प्रवाहाचा, आणि तो खालून वर चढतो, प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याने. एकाच वाटेने असे तीन-चार झटके जातात, म्हणून वीज थरथरल्यासारखी दिसते. ज्यांची गाठ पडली नाही त्या ठिणग्याही माणसाला इजा करायला, कधी मारायलाही पुरतात. टेहळ्या, त्या दिवशी तुम्ही आणि तुमचा पाइप दोघंही उमेदवार होतात.

आता अंतर. तीनने भागण्याचं गणित बरोबर आहे, पण ते सांगतं मागची वीज कुठे पडली. पुढची कुठे पडेल हे त्यात कुठेच नाही. एक चार किलोमीटरवर आणि पुढची डोक्यावर, हे नेहमीचं आहे. पावसाच्या पट्ट्यापासून पंधरा किलोमीटर लांब, वर तारे दिसत असताना वीज पडल्याची उदाहरणं आहेत. ढगाच्या वरच्या, पसरलेल्या भागातून निघते तिच्यात धन भार असतो. तिला जास्त अंतर तोडावं लागतं आणि ती बहुधा जास्त जबर असते. आडवी किती पसरू शकते याचा जागतिक हवामान संघटनेने मान्य केलेला विक्रम ८२९ किलोमीटरचा आहे : २२ ऑक्टोबर २०१७, अमेरिकेत टेक्सासच्या पूर्वेपासून कॅन्सस सिटीच्या जवळपर्यंत, एक सलग वीज. तिथे तुमचे चार किलोमीटर कुठे बसवायचे?

गडगडाट साधारण पंधरा किलोमीटरपर्यंत ऐकू येतो. म्हणजे आवाज कानावर आला याचाच अर्थ तुम्ही टप्प्यात आहात. भागाकार करायची गरजच नाही. आत जा, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. वादळ निघून जाताना माणसं बेसावध होतात, तेव्हाच घात होतो.

तडितरक्षक. हा प्रश्न गिऱ्हाइकंही विचारतात आणि उत्तर ऐकून नाराज होतात. तो इमारतीसाठी आहे, गच्चीवर उभ्या असलेल्या माणसासाठी नाही. हिशोब करून बघा. सर्वसाधारण विजेचा प्रवाह ३०,००० अँपिअर धरा. अर्थिंगचा रोध १० ओहम, म्हणजे आमच्या भाषेत पास. गुणाकार : तीन लाख व्होल्ट. काही मायक्रोसेकंदच, पण तेवढा वेळ तडितरक्षकापासून जमिनीत उतरणारी धातूची पट्टी आणि तिच्या आसपासचं सगळं तेवढ्या दाबावर चढलेलं असतं. पट्टीला कुणी काटकोनात वळण दिलं असेल तर वीज ते वळण घेत बसत नाही, सरळ हवेतून पलीकडे उडी मारते. तिथे माणूस उभा असेल तर माणसावर.

थेट डोक्यावर वीज पडून दगावणारे एकूण बळींमध्ये थोडेच असतात. बरेचसे जातात ते जमिनीतून पसरलेल्या प्रवाहाने, नाहीतर शेजारच्या झाडावरून अंगावर उडी मारलेल्या विजेने. दोन पावलांच्या मध्ये विद्युतदाबाचा फरक पडतो, प्रवाह एका पायातून चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो. चार पायांच्या जनावरांत पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त आणि वाटेत हृदय, म्हणून कळपच्या कळप आडवे होतात. ऑगस्ट २०१६ मध्ये नॉर्वेच्या हार्डांगरविद्दा पठारावर ३२३ रेनडिअर एकाच वादळात मेलेले सापडले. वादळात ती एकमेकांना चिकटून उभी राहतात.

आता बूट. जी वीज काही किलोमीटर हवा फोडून आली, ती तळव्याच्या रबराला जुमानणार? मोटारीतला माणूस वाचतो तो टायरमुळे नव्हे. प्रवाह पत्र्याच्या बाहेरून वाहून जातो, म्हणून. त्यामुळे दुचाकी, कापडी छताची गाडी, तंबू यांचा काही उपयोग नाही. मोबाइल वीज ओढत नाही, खुशाल जवळ ठेवा, उलट मदतीला बोलवायला लागेल. भिंतीतून वायर येणारा फोन मात्र उचलू नका, नळाखाली हात धुऊ नका. आणि 'एकदा पडली ती जागा सेफ' म्हणणाऱ्याने न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला विचारावं. तिच्यावर दर वर्षी वीस-पंचवीस वेळा पडते.

एकदम बिनधास्त

बरं बाबा, बूट मागे घेतो. 😄 पण लॉटरीचं काय? आकडेवारी तर खरी ना?

अर्थिंगवाला

आकडेवारी सगळ्यांची मिळून सरासरी आहे. त्यात वादळात पांघरूण घेऊन झोपणारेही आले. रॉय सुलिव्हन नावाचा अमेरिकेतला वनरक्षक होता, शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानात, डोंगरमाथ्यांवर काम. १९४२ ते १९७७ दरम्यान त्याच्यावर सात वेळा वीज पडल्याची नोंद आहे. त्याचं नशीब फुटकं होतं असं म्हणा हवं तर. मी म्हणतो, तो नेमका तिथे उभा असायचा जिथे वीज पडते. सात मजली इमारतीच्या गच्चीवर, धातूच्या कठड्याला टेकून, मुद्दाम वादळ बघून जाणारा माणूस त्या सरासरीत बसत नाही.

वॉर्डातली ताई

अर्थिंगवाले दादांनी पडण्याआधीचं सांगितलं, मी नंतरचं सांगते. परिचारिका आहे, आपत्कालीन विभागात.

आभाळातली वीज पडून आडव्या झालेल्या माणसाला हात लावायला लोक घाबरतात. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. लगेच हात लावा. यात जी माणसं जातात ती मुख्यतः हृदय थांबल्याने. बऱ्याचदा हृदय आपलं आपण परत सुरू होतं, पण श्वासाचं केंद्र बधिर झालेलं असतं, ते उशिरा जागं होतं. मधल्या काळात श्वास मिळाला नाही की हृदय दुसऱ्यांदा थांबतं. म्हणून छाती दाबणं (मिनिटाला १०० ते १२०, पाच सेंटिमीटर खोल) आणि ज्यांना येतं त्यांनी तोंडाने श्वास देणं, दोन्ही. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका.

एकदम चार-पाच जण पडले असतील तर इतर अपघातांच्या उलट करायचं : कण्हणारे, हलणारे बहुतेक वाचतात, निपचित पडलेल्याकडे आधी धावायचं. मेल्यासारखा दिसणारा माणूस इथे परत येऊ शकतो.

पाय निळे-गार पडून हलेनासे झाले तर नातेवाइक हाय खातात. बहुतेकदा काही तासांत ते उतरतं. अंगावर नेच्याच्या पानासारखी लाल नक्षी उमटते, तीही दिवसभरात जाते. मी एकदाच पाहिली आहे, खांद्यापासून कमरेपर्यंत. फाटे इतके बारीक की कुणी नाजूक कुंचल्याने काढलेत असं वाटावं. रुग्ण आरशात बघून विचारत होता, हे राहील का. राहत नाही. राहतं ते वेगळंच : कानाचा पडदा फाटलेला, पुढे कधी मोतीबिंदू, झोप उडणं, विसरायला होणं, महिनोन् महिने अंग दुखणं. वाचला म्हणजे सुटला असं नसतं.

आणि मदत करताना स्वतःही त्याच वादळात उभे आहात हे विसरू नका. जमलं तर त्याला आत ओढा आणि मग सुरू करा.

गच्चीवरचा टेहळ्या

ताई, दादा, मनापासून आभार. वाचनखूण साठवली आहे आणि बायकोलाही वाचायला दिलं आहे, त्यामुळे गच्ची आता तशीही बंद.

पण मग मी काय करायचं? खिडकीतून काढले तर काचेत माझंच तोंड दिसतं. आणि खरं सांगू का, वादळाच्या खाली उभं राहण्यात जे आहे ते खिडकीत नाही.

अर्थिंगवाला

इथेच माझं तुमच्याशी जमत नाही. वादळाच्या खाली उभं राहून वादळ दिसत नाही. करडं छत दिसतं, ते मधूनच उजळतं, बस. चारातल्या जवळपास तीन विजा जमिनीवर येतच नाहीत, ढगातल्या ढगात होतात. खालून त्या म्हणजे नुसता उजेड.

सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब जा. रात्र, आभाळ तुमच्याकडे स्वच्छ, आवाज शून्य. तेव्हा अख्खा ढग दिसतो, पायापासून माथ्यापर्यंत बारा-चौदा किलोमीटर उंच, वर ऐरणीसारखा चपटा पसरलेला. आणि विजेचा प्रत्येक लखलखाट त्याला आतून उजळतो. कुठे फक्त बुंधा, कुठे एकच फुगवटा, कधी सगळं आभाळ ओलांडून ऐरणीच्या टोकापर्यंत सरपटत गेलेली एकच रेघ. भार कुठे तयार होतो तेही नजरेने दाखवता येतं. उणे दहा ते उणे वीस अंशांच्या पट्ट्यात, जिथे पाणी गोठणबिंदूखाली असूनही द्रवच असतं, तिथे गारेचे मऊ कण आणि बर्फाचे स्फटिक एकमेकांवर आपटतात. जड कण ऋण होऊन मध्ये तरंगत राहतात, हलके स्फटिक धन होऊन वरच्या झोताबरोबर माथ्याकडे जातात. लांबून बघितलं की पहिले लखलखाट साधारण ढगाच्या मधल्या उंचीवर सुरू होतात, ते यामुळे. मला हे पुस्तकात वाचून कळलं नव्हतं, एका आगगाडीच्या खिडकीतून तासभर बघत राहिल्यावर डोक्यात शिरलं.

जिचा आवाज येत नाही तीच वीज बघण्यासारखी, हे माझं मत. धंद्यातली माणसं हसतात, हसू देत.

अवांतर : बेंजामिन फ्रँकलिनच्या १७५२ च्या पतंगाची गोष्ट सगळे सांगतात. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये गेऑर्ग रिचमान नावाचा शास्त्रज्ञ तसल्याच प्रयोगात मेला. छतावरच्या सळईला जोडलेलं मोजमापाचं उपकरण वाकून बघत होता, आणि सळईला अर्थिंग दिलेलं नव्हतं. जवळून बघायचा नाद आमच्या क्षेत्रातही जुनाच आहे.

रातपाखरू

फोटोंचं मी सांगतो, हे माझं खातं.

काचेतल्या तोंडाचा बंदोबस्त : खोलीतले सगळे दिवे बंद, चार्जरवरच्या लाल ठिपक्यासकट. लेन्सवर मऊ रबरी हूड लावून ते काचेला टेकवा. नसेल तर काळं कापड लेन्सभोवती गुंडाळून कडा काचेला चिकटवा. काच आधी आतून-बाहेरून पुसून ठेवा, वादळ आल्यावर नाही. खिडकीची चौकट किंवा गज धातूचे असतील तर तिपाई आणि तुम्ही दोघंही हातभर मागे, मग कापडाची नळी लांब करा. जिन्यातल्या खिडक्या बहुधा उंच आणि मोकळ्या असतात, तिथे बघा.

रात्रीसाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं ते जास्त उघडं), १५ सेकंद, मॅन्युअल फोकस लांबच्या दिव्यावर. कॅमेऱ्याचं बटण दाबायची वायर जोडून ती दाबलेली अडकवून ठेवा म्हणजे एकापाठोपाठ एक फ्रेम निघत राहतील. वीज दिसल्यावर बटण दाबणारा नेहमी चुकतो. तुमची फ्रेम कोरी आली कारण वीज जवळ होती, एफ/८ ला ती सगळं खाऊन टाकते. लांबच्या, ढगातल्या विजांना उलट एफ/४ पर्यंत उघडावं लागतं. मोबाइल असेल तर व्हिडिओ घेऊन फ्रेम काढा, पण कधी कधी अर्धी फ्रेम उजळ आणि अर्धी काळी येते : सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि वीज त्यापेक्षा चपळ असते. कॅमेरा बिघडलेला नाही.

आणि दादा म्हणतात तसं लांबचंच वादळ पकडायचं असेल तर टेहळ्याभाऊ, तुम्ही 'स्प्राइट' बघितलेत का कधी?

गच्चीवरचा टेहळ्या

नाव ऐकलंय. ढगाच्या वर होणारे लाल लखलखाट, तेच ना? मला वाटायचं ते फक्त विमानातून किंवा अंतराळातून दिसतात.

रातपाखरू

जमिनीवरून दिसतात, उलट वादळापासून दोन-तीनशे किलोमीटर लांब असलात तरच सोपं. ढगाच्या वर ५० ते ९० किलोमीटर उंचीवर होतात, बहुधा खाली एखादी जबर धन वीज पडल्यावर. वादळाच्या खालून मधे ढगच येतो. सी. टी. आर. विल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने १९२५ च्या सुमारास असं काहीतरी होत असावं असं मांडलं होतं, पण पहिलं चित्र मिळालं १९८९ मध्ये, तेही चुकून : मिनेसोटा विद्यापीठातले शास्त्रज्ञ अंधुक प्रकाशातला कॅमेरा तपासत होते आणि फितीवर हे उमटलं.

तीनशे किलोमीटरवरच्या वादळासाठी क्षितिजापासून साधारण बारा अंश वर रोखायचं. हात सरळ पुढे धरून मूठ मिटली की ती दहा अंश, त्याच्या किंचित वर. चंद्र नसलेली रात्र, शहराचे दिवे पाठीमागे. आयएसओ ३२०० च्या पुढे, लेन्स एफ/२ किंवा त्याहून उघडी, दोन-तीन सेकंदांच्या फ्रेम सलग, नाहीतर सरळ व्हिडिओ. एक स्प्राइट काही मिलिसेकंदच टिकतो, त्यामुळे डोळ्याने दिसला तर नशीब. सकाळी बसून एकेक फ्रेम चाळायची तयारी ठेवा. पुष्कळ रात्री काहीच मिळत नाही.

लेन्स ५० एमएमची घ्या. वाइड लेन्सने काढलात तर तो एवढासा लाल ठिपका येईल आणि तुम्हाला वाटेल सेन्सरवरचा डाग आहे.

एकदम बिनधास्त

५० एमएम एफ/१.८ माझ्याकडे पडून आहे, टेहळ्याभाऊ. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वापरायला देतो. बूट नको असतील तर लेन्स तरी घ्या.